शेतातील उंदरांसाठी आमिषपेटी: खारी, पाखरे आणि जनावरे सांभाळून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात शेती करणाऱ्याला कुरतडणाऱ्या दोन प्राण्यांशी सतत गाठ पडते. परसबागेत आणि फळबागेत खार पेरू, चिक्कू, कोवळा नारळ टोकरते, तर शिवारात उंदीर भाताचे बुंधे कापतो, पडलेला ऊस पोखरतो, भुईमुगाच्या शेंगा आणि रताळी उकरून नेतो. परदेशातील शेतावर खारींसाठी विषारी दाण्याच्या पेट्या लावल्याचे पाहिले की आपल्या बागेतही तसे करावे असे अनेकांच्या मनात येते. तसे करू नये. पेटीचे तंत्र मात्र उपयोगाचे आहे आणि ते शेतातल्या उंदरासाठी नीट वापरले, तर उघड्यावर विष टाकण्याच्या आपल्याकडच्या घातक सवयीला त्यातून चांगला पर्याय मिळतो.

खारींच्या बाबतीत परदेशातील उदाहरण इथे का लागू पडत नाही, ते आधी पाहू. कॅलिफोर्नियात ज्या खारींसाठी पेट्या लावतात त्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या, वसाहतीने वाढणाऱ्या खारी आहेत. ब्रिटनमध्ये करड्या खारी उत्तर अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात आणून सोडल्या गेल्या, त्या झाडांच्या साली सोलू लागल्या आणि त्यांच्यासाठी जंगलात वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या पेट्या लावल्या जात. पण ती परवानगीही २०१५ मध्ये संपली. आपल्याकडची पट्टेरी खार ही इथलीच आहे, झाडावर राहणारी आहे आणि फळांबरोबर किडेही खाते. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलालगत ज्यांच्या बागा आहेत, त्यांच्याकडे शेकरूही येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य प्राण्याला विष घालणे हे शिकारीतच मोडते आणि शेकरूला तर कायद्याचे थेट संरक्षण आहे. त्यामुळे कोणत्याही खारीसाठी विष किंवा फास लावणे हा मार्ग बंद आहे असेच धरून चालावे.

आता मुख्य मुद्दा. उंदीर जिथून आत शिरू शकतो तिथून खारही शिरू शकते. दोघांच्या अंगात फारसा फरक नाही. म्हणून पेटीचे तोंड लहान केले की खार वाचेल, हा समज चुकीचा आहे. खार वाचते ती वेळेमुळे. पट्टेरी खार उजाडल्यापासून मावळेपर्यंत हिंडते आणि अंधार पडला की घरट्यात जाते. शेतातला उंदीर मात्र दिवस मावळल्यावर बाहेर पडतो. पेटी संध्याकाळी उघडली आणि सकाळी फटफटायच्या आत बंद केली, तर एकाच्या वाट्याचे विष दुसऱ्याच्या तोंडी जात नाही. हा शिस्तीचा भाग विष कोणते घ्यावे यापेक्षाही महत्त्वाचा आहे आणि ज्याला तो पाळणे जमणार नाही, त्याने बागेत पेटी लावूच नये.

बिळे ओळखणे

पेटी लावण्यापूर्वी उंदीर कुठे आहे हे कळले पाहिजे. बांधावर दिसणारे प्रत्येक भोक उंदराचे नसते. भाताच्या खाचरात पाण्याच्या रेषेलगत दिसणारी, तोंडाशी चिखलाच्या गोळ्या रचलेली भोके खेकड्यांची असतात. आपल्या भातशेतीत आणि उसात सर्वांत जास्त नुकसान करणारा काळा शेतउंदीर बिळाबाहेर मोकळ्या मातीचा ढीग टाकतो आणि पुष्कळदा तोंड सैल मातीने आतून बुजवून घेतो. पिकाच्या शेवटी असे बीळ खणले तर आत भाताच्या कापून नेलेल्या लोंब्यांचा साठा सापडतो. घूस याहून मोठी असते आणि गोठा, गंजी, खळे, ओढ्याची कड अशा जागा धरून राहते.

चालू बिळे शोधण्याची सोपी रीत अशी आहे. एखाद्या संध्याकाळी बांधावरची सगळी बिळे मातीने दाबून बंद करावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारावी. जी पुन्हा उकरलेली दिसतील तीच चालू बिळे. त्यांच्याजवळ चुन्याची खूण किंवा काठी रोवावी. ही मेहनत टाळून सगळीकडे सारखे विष पेरल्यास विष वाया जाते आणि धोका तेवढा वाढतो.

पेटी तयार करणे

बाजारात तयार प्लास्टिकच्या पेट्या मिळतात. पण बोअरच्या किंवा पाइपलाइनच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी पाइपाची पेटी शेतात अधिक टिकते. शेतउंदरासाठी तीन इंची पाइप पुरतो, घूस असेल तर चार इंची घ्यावा. प्रत्येकी साधारण फूटभर लांबीचे दोन तुकडे ‘टी’ जोडाच्या दोन बाजूंना बसवावेत आणि टीचे तिसरे तोंड आकाशाकडे ठेवून त्यावर घट्ट टोपण लावावे. आमिष या वरच्या तोंडातून मधोमध टाकायचे असते, म्हणजे दोन्ही टोकांपासून ते फूटभर आत राहते आणि कुत्र्याचे तोंड, कोंबडीची मान किंवा मोराची चोच तिथवर पोहोचत नाही. दोन्ही टोके उघडी असावीत, कारण पलीकडून बाहेर पडता येते हे दिसल्याशिवाय उंदीर आत जायला बिचकतो. त्या टोकांसाठीही सुटी टोपणे घ्यावीत. दिवसा पेटी बंद करायची ती यांनीच. पाइपाच्या खालच्या बाजूला मधोमध एक बारीक भोक पाडावे, म्हणजे आत शिरलेले पाणी साचणार नाही.

पेटी तारेने खुंटीला बांधावी. मोकळी ठेवलेली पेटी कुत्रा ओढून नेतो, गुरांच्या पायाने उलटते किंवा पाटाच्या पाण्यात वाहून जाते आणि मग विष कुठे गेले ते कळत नाही. पेटीवर लाल रंगाने कवटीची खूण काढून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत ‘विष’ असे लिहावे. आपल्या शिवारात दोन्ही भाषांचे मजूर येतात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र हवेच. पेट्यांना क्रमांक द्यावेत आणि वहीत त्यांची जागा लिहून ठेवावी. हंगामानंतर मोजताना एकही कमी भरता कामा नये.

पेटी लावणे आणि साधे आमिष

पेट्या बांधाच्या कडेने, चालू बिळांच्या जवळ आणि उंदरांच्या रुळलेल्या वाटेवर, दहा-पंधरा पावलांच्या अंतराने ठेवाव्यात. वाट ओळखू येते: गवत दबून तळहाताएवढी नळी झालेली असते आणि तिच्यात लेंड्या पडलेल्या असतात. झाडाच्या बुंध्याशी, आंबा-नारळाच्या रांगेत, विहिरीच्या काठावर किंवा गुरांच्या गव्हाणीशेजारी पेटी ठेवू नये. जमिनीपासून दोन बोटे उंच राहील अशा बेताने तिच्याखाली चपटे दगड द्यावेत.

उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. पहिले चार-पाच दिवस तो पेटीभोवती फिरेल पण आत जाणार नाही, म्हणून या दिवसांत विषाचा विचारही करू नये. पेटी रिकामी ठेवून तिची सवय होऊ द्यावी, मग दोन-तीन रात्री साधे आमिष घालावे. भाताच्या भागात कणी आणि अथणी-रायबागकडे भरडलेली ज्वारी, त्याला शेंगदाण्याचे थोडे तेल चोळलेले, हे आमिष उंदीर आनंदाने खातो. सुकट किंवा मांसाचे तुकडे अजिबात वापरू नयेत, कारण त्या वासाने मांजर आणि कुत्रे पेटीशी घुटमळतात. प्रत्येक पेटीत मूठभर आमिष घालून सकाळी किती उरले ते पाहावे. जिथे तीन रात्रींत दाणाही हलला नाही ती पेटी दुसरीकडे न्यावी. आमिष संपत असलेल्या पेट्यांमध्येच पुढे विष जाईल.

विषाची निवड

शेतात मुख्यतः दोन प्रकारची औषधे वापरली जातात आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की तिथल्या आम्लाशी त्याची क्रिया होऊन फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. त्याचे काम झटपट असले तरी कमी खाल्लेला उंदीर आजारी पडून वाचला, तर त्या चवीचे आमिष तो पुन्हा तोंडात धरत नाही. साधे आमिष आधी घालणे यासाठीच अनिवार्य असते आणि एका हंगामात झिंक फॉस्फाइड एकदाच वापरावे ते यामुळेच. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. उंदीर चार-पाच दिवसांनी किंवा त्याहून उशिरा मरतो, आणि मृत्यूचा आमिषाशी संबंध त्याला जोडता येत नसल्याने बाकीचे उंदीर खात राहतात.

झिंक फॉस्फाइडची भुकटी वापरायची असल्यास एक किलो आमिषासाठी ९६० ग्रॅम कणी किंवा भरडलेली ज्वारी, २० ग्रॅम तेल आणि २० ग्रॅम भुकटी हे प्रमाण घ्यावे. आधी धान्याला तेल चोळावे, नंतर भुकटी टाकून काठीने ढवळावे. मिश्रण उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, रबरी हातमोजे आणि तोंडावर फडके बांधून करावे. स्वयंपाकाचे पातेले, गव्हाण किंवा धान्याची पोती त्यासाठी कधीही वापरू नयेत. ब्रोमॅडिओलोनचे ०.२५ टक्क्यांचे तीव्र मिश्रण मिळते; तेही याच प्रमाणात, म्हणजे किलोला २० ग्रॅम घातले की ०.००५ टक्क्यांचे आमिष तयार होते. याच ताकदीच्या मेणाच्या तयार वड्याही मिळतात. खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबी-जांबोटीसारख्या धो-धो पावसाच्या भागात, धान्याचे आमिष एका रात्रीत आंबते आणि ओलाव्याने झिंक फॉस्फाइडचा जोरही जातो, त्यामुळे पावसाळ्यात तिथे वड्यांनाच पसंती द्यावी. कोणतेही औषध परवानाधारक दुकानातून, पावतीसह आणि मूळ वेष्टनात घ्यावे आणि वेष्टनावरील प्रमाण वरच्याहून वेगळे असेल तर तेच पाळावे. आठवडी बाजारात पुडीत मिळणारे बिननावाचे औषध घरातही आणू नये. शंका असेल तेव्हा आपल्या होबळीचे (तालुक्यातील गावांच्या गटाचे) रयत संपर्क केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठावे.

माझे मत स्पष्ट सांगतो. जिथे गव्हाणी घुबडे, मुंगूस, धामण अजून दिसतात अशा शिवारात पहिल्या फेरीला झिंक फॉस्फाइड वापरावे, कारण ब्रोमॅडिओलोन मेलेल्या उंदराच्या यकृतात टिकून राहते आणि तो उंदीर खाणाऱ्या घुबडापर्यंत पोहोचते. गव्हाणी घुबडाची जोडी पिलांना वाढवताना रात्री अनेक उंदीर उचलते. तिला मारून उंदीर आटोक्यात आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पहिल्या फेरीतून वाचलेल्यांसाठी दहा-बारा दिवसांनी, फक्त चालू असलेल्या पेट्यांत ब्रोमॅडिओलोन घालावे आणि त्या काळात मेलेले उंदीर रोज न चुकता उचलावेत.

रात्रीचे वेळापत्रक

विष घालायच्या संध्याकाळी पाखरे झाडावर परतली, खारी दिसेनाशा झाल्या आणि गुरे गोठ्यात आली की शेतात जावे. प्रत्येक चालू पेटीत झिंक फॉस्फाइडचे आमिष १० ते १५ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे, एवढेच घालावे. जास्त घातल्याने जास्त उंदीर मरत नाहीत, उरलेले फक्त सांडते. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी टोकांची टोपणे लावून पेट्या बंद कराव्यात, उरलेले आमिष झाकणाच्या डब्यात काढून घ्यावे आणि सांडलेला दाणा दिसला तर मातीसकट उचलावा. ब्रोमॅडिओलोनच्या फेरीत पेटी सलग सात-आठ रात्री उघडायची असते आणि खाल्लेल्याची भर रोज घालायची असते. झाडे नसलेल्या मोकळ्या रानात काही जण पेटी दिवसाही उघडी ठेवतात; पण बागेत, घराभोवती, झाडे असलेल्या बांधावर आणि जंगलाच्या कडेला रोज बंद करण्याला पर्याय नाही.

मेलेले उंदीर हातमोजे घालूनच उचलावेत. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरतो आणि खाचरात अनवाणी उभ्या राहणाऱ्याला, पायाला भेग असेल तर, तो लवकर गाठतो. दोन फूट खोल खड्डा खणून त्यात उंदीर आणि उरलेले आमिष एकत्र पुरावे. ओढ्यात, पाटात किंवा उकिरड्यावर फेकणे म्हणजे विष पुढच्या तोंडाला पोहोचवणेच होय.

उसात आणि भातात वेळ साधणे

उसाच्या पट्ट्यात उंदीर वाढतो तो मुख्यतः पडलेल्या उसात, कारण आडव्या उसाखाली त्याला आडोसा आणि खालच्या गोड कांड्या दोन्ही मिळतात. मोठी बांधणी (बुंध्याला मातीची भर) वेळेवर करून ऊस उभा ठेवला तर निम्मे काम विषाशिवाय होते. तोडणीच्या हंगामात आणखी एक गोष्ट घडते: शेजारचा फड तुटला की तिथले उंदीर तुमच्या उभ्या उसात येतात आणि हंगामाच्या शेवटी ज्याचा ऊस उरतो त्याला सगळ्या शिवाराचे उंदीर पोसावे लागतात. म्हणून शेजाऱ्याची तोड ठरली की त्या बाजूच्या बांधावर आधीच पेट्या लावून साधे आमिष सुरू करावे. मात्र तुमच्या फडात टोळी येण्याच्या किमान आठवडाभर आधी शेवटची पेटी उचललेली असावी. ऊसतोड मजुरांची लहान मुले फडातच खेळतात, बैल तिथेच वाढे खातात आणि कुणाला कुठे विष ठेवले आहे ते माहीत नसते. या एका मुद्द्यावर कसलीही सवलत घेऊ नये.

भातात दोन वेळा लाभाच्या आहेत. पहिली मे महिन्याच्या अखेरीस ते मिरगाच्या तोंडावर, जेव्हा रानात खायला काही नसते, उंदीर थोडे असतात आणि बांधात एकवटलेले असतात. दुसरी लावणीनंतर सहा-सात आठवड्यांनी, भात पोटरीत येण्यापूर्वी. एकदा दाणा भरू लागला की उंदीर कणीकडे ढुंकूनही पाहत नाही आणि विषाची फेरी फुकट जाते. येळ्ळूर, धामणे, वडगावच्या सुवासिक भाताच्या शिवारात तर लोंब्यांचे आकर्षण फार मोठे असते. बांध जितका रुंद आणि गवताळ, तितकी बिळे जास्त, म्हणून उन्हाळ्यात बांध छाटून फूटभर रुंदीवर आणणे हे पेटीच्या बरोबरीचे काम आहे.

एकट्याने एका एकरात पेट्या लावून फारसे साधत नाही. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतात सहा-आठ पिले देते आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः वियायला लागतात. शेजारचे शिवार मोकळे राहिले तर तुमची रिकामी बिळे महिनाभरात भरतात. एका पाणंदीवरच्या किंवा एका पाटाखालच्या सर्वांनी एकाच आठवड्यात फेरी घ्यावी. ग्रामपंचायतीत आधी सांगून दवंडी दिली, तर गुराखी आणि कुत्री पाळणारेही सावध राहतात.

विषबाधा झाल्यास

माणसाच्या पोटात झिंक फॉस्फाइड गेल्यास त्यावर उतारा नाही, रुग्णालयातील उपचारांवरच सर्व अवलंबून असते. उलटी करवू नये, दूध, तूप किंवा तेल पाजू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व ‘के-१’ हा उतारा आहे, पण लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्याने माणूस बरा वाटतो म्हणून घरी थांबणे घातक ठरते. कुत्र्याला किंवा गाईला बाधा झाली तरीही हेच वेष्टन पशुवैद्यकाला दाखवावे.

मग खारींचे काय

फळे वाचवायची असतील तर खारीची वाट अडवावी. नारळाच्या बुंध्याला माणसाच्या उंचीवर दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला की खार आणि उंदीर दोघांचीही चढण थांबते. पत्रा खिळ्यांनी न ठोकता तारेने बांधावा आणि झाड वाढेल तसा सैल करावा. शेजारच्या झाडाच्या फांद्या, मांडव किंवा विजेची तार तीन-चार हातांच्या आत असेल तर पत्र्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण खार वरूनच उडी घेते, तेव्हा फांद्या आधी छाटाव्यात. पेरू आणि डाळिंबाच्या फळांना लिंबाएवढी झाली की पिशव्या बांधाव्यात. चिक्कू झाडावर पिकू न देता तयार होताच उतरवून घरात पिकवावेत आणि गळालेली फळे रोज वेचावीत.

हंगाम संपला की सर्व पेट्या क्रमांकाप्रमाणे मोजून गोळा कराव्यात, हातमोजे घालून राखेने घासून धुवाव्यात आणि धुण्याचे पाणी उंदीर पुरलेल्याच खड्ड्यात ओतून खड्डा बुजवावा. उरलेले औषध मूळ वेष्टनात, कुलूपबंद पेटाऱ्यात, धान्य आणि पशुखाद्यापासून दूर ठेवावे. पेट्या उन्हात वाळवून दोन्ही टोपणे लावून टांगून ठेवल्या, तर पुढच्या मे महिन्यात त्याच पुन्हा कामाला येतात.